कटिंगभर पाणी आणि सव्वाचार लाख मेणबत्त्या

साडेतीन मीटर रुंदीची एक लेन घ्या. जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंतची हवा आणि पुढे शंभर मीटर. गाडी चालवणाऱ्याला समोरचं जे काही बघायचं असतं, ते जवळजवळ सगळं या हवेच्या बोगद्यात मावतं. बोगद्याचं आकारमान ७०० घनमीटर. आता त्यात दाट धुकं उतरलंय असं समजा, इतकं दाट की शंभर मीटरपलीकडचं काही कळत नाही. हे सगळं धुकं गोळा करून त्याचं पाणी केलं, तर किती भरेल?

सत्तर ग्रॅम. टपरीवरच्या एका कटिंगएवढं.

शंका येणारच, म्हणून हिशेब मांडतो. धुक्यात थेंबांच्या रूपातलं पाणी घनमीटरला साधारण ०.०१ ते ०.५ ग्रॅम असतं. आपण मधला, ०.१ ग्रॅमचा आकडा धरला. ७०० घनमीटरचे झाले ७० ग्रॅम. गंमत अशी की त्याच हवेत वाफेच्या रूपातलं पाणी याच्या कितीतरी पट आहे. १० अंश सेल्सियसच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरमागे ९.४ ग्रॅम वाफ असते. बोगद्यात साडेसहा किलो. हे साडेसहा किलो पाणी आरपार दिसतं, त्याची कुणाला खबरही नसते. रस्ता बंद पाडतात ते वरचे सत्तर ग्रॅम.

हे कसं होतं, त्याचं उत्तर थेंबांच्या संख्येत आहे. धुक्याच्या थेंबाचा व्यास १० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा पाचवा ते दहावा हिस्सा. असे थेंब एका घनमीटरात १९ कोटी, आणि आपल्या शंभर मीटरच्या लेनमध्ये १३,३०० कोटी. देशातल्या प्रत्येकाला वाटायचे म्हटले तर माणशी ९५ थेंब येतील, आणि तेही फक्त एका लेनमधले.

हेच सत्तर ग्रॅम पाणी पावसाच्या दोन मिलीमीटरच्या थेंबांत असतं, तर थेंब भरले असते जेमतेम सतरा हजार. पावसाचा असा एक थेंब फोडला की धुक्याचे ८० लाख थेंब होतात. प्रकाशाला पाण्याच्या वजनाशी काही देणंघेणं नाही. वाटेत आडवं किती क्षेत्रफळ आलं एवढंच त्याच्या लेखी महत्त्वाचं. पावसाच्या त्या सतरा हजार थेंबांच्या सावल्या शेजारी शेजारी मांडल्या तर वीतभर लांब नि वीतभर रुंद जागा व्यापतील. धुक्याच्या थेंबांच्या मांडल्या तर साडेदहा चौरस मीटर! बोगद्याचं तोंडच मुळी सात चौरस मीटरचं आहे. त्यात भर अशी की थेंबाच्या अगदी कडेने जाणारा प्रकाशही वाकतो, त्यामुळे प्रत्येक थेंब स्वतःच्या दुप्पट जागा अडवल्यासारखा वागतो. सात चौरस मीटरच्या तोंडावर एकवीस चौरस मीटरचा पडदा, फक्त तो चुरा होऊन शंभर मीटरभर पसरलेला. एखादी सर थांबली की लगेच मोकळं होतं, तसंही इथे होत नाही. हे थेंब सेकंदाला तीनेक मिलीमीटर या वेगाने खाली येतात. वारा नसेल तर दोन मीटर उंचीवरचा थेंब जमिनीवर पोचायला दहा मिनिटांहून जास्त वेळ घेतो.

लेन सोडून जरा वर जाऊन पाहू. डिसेंबर-जानेवारीत उपग्रहाच्या छायाचित्रांत हिमालयाच्या पायथ्याशी पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंत एक पांढरी पट्टी दिसते. सुमारे १,५०० किलोमीटर लांब, ४०० किलोमीटर रुंद. त्या पट्टीची जाडी दोनशे मीटर धरली आणि पाण्याचं प्रमाण तेच ठेवलं, तर अख्ख्या पट्टीतलं पाणी १ कोटी २० लाख टन होतं. आकडा दांडगा वाटतो खरा, पण पुणेकरांच्या भाषेत सांगायचं तर अर्धा टीएमसी (अब्ज घनफूट) सुद्धा नाही, ०.४२ टीएमसी. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा १.९७ टीएमसी आहे. लाहोरपासून पाटण्यापलीकडपर्यंत गाड्या, रेल्वे आणि विमानं खोळंबवणारं सगळं धुकं आणून खडकवासल्यात ओतलं, तर धरण पाव भागसुद्धा भरणार नाही. थेंबांची संख्या मात्र २३ वर २१ शून्यं. या धुक्याच्या अभ्यासात पुण्याचा वाटाही मोठा आहे. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर ‘वायफेक्स’ नावाचा प्रयोग चालवते आहे, तो नेमका हे थेंब कधी जमतात आणि कधी विरतात याच्याच मागावर.

आता दिव्यांकडे येऊ. ‘दृश्यता शंभर मीटर’ असं आपण ऐकतो, त्यामागे जागतिक हवामान संघटनेची एक काटेकोर व्याख्या आहे. २,७०० केल्विन रंगतापमानाच्या साध्या बल्बचा समांतर झोत जितक्या अंतरात घटून ५ टक्के उरतो, तितकी दृश्यता. पाच टक्के म्हणजे विसावा हिस्सा. आणि प्रत्येक पुढच्या तेवढ्याच अंतराला, जे उरलंय त्याचा पुन्हा विसावा हिस्सा.

दृश्यता ५० मीटर आहे असं धरा. हवामान खात्याच्या वर्गवारीत याच्याखाली गेलं की ‘अतिदाट धुकं’. पन्नास मीटरवर बिनदिव्याचा ट्रक उभा आहे. तुमच्या हेडलाइटचा प्रकाश त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर विसावा हिस्सा राहिला. पण तेवढ्याने ट्रक दिसत नाही. ट्रकवर आपटून तो प्रकाश तुमच्या डोळ्यापर्यंत परत यायला हवा. परतीच्या वाटेवरही तीच पट्टी. झाला चारशेवा हिस्सा. ट्रक शंभर मीटरवर असेल तर जाताना चारशेवा, आणि येता-जाता मिळून १ लाख ६० हजारावा. अंतर दुप्पट झालं आणि परत येणारा प्रकाश चारशे पट घटला. यात अंतर वाढलं की झोत पसरून जो फिका पडतो, ती घट तर धरलेलीच नाही.

इथे बहुतेक जण करतात ते म्हणजे अप्पर मारणं. दिसत नाही ना, मग वाढवा उजेड! युरोपातल्या नियमांनुसार एका गाडीचे सगळे अप्पर मिळून जास्तीत जास्त ४ लाख ३० हजार कॅन्डेला प्रखरतेचे असू शकतात. एक कॅन्डेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा एका दिशेला पडणारा उजेड. सव्वाचार लाखांवर मेणबत्त्या एका रोखाने! निरभ्र रात्री शंभर मीटरवरून असा झोत समोरच्याच्या डोळ्यावर पडला, तर तो पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे १७० पट असतो. घाटात समोरून येणारा अप्पर पाडत नाही तेव्हा आपण त्याच्या सात पिढ्या का काढतो, त्याचं हे गणित.

धुक्यात हीच ताकद आपल्यावर उलटते. थेंबांवर आदळलेला बहुतेक प्रकाश पुढेच फेकला जातो हे खरं, मागे फिरणारा हिस्सा थोडका असतो. पण लाखो कॅन्डेलांचा थोडका हिस्साही पुष्कळ होतो. तो परततो पहिल्या दहा-वीस मीटरमधून, जिथे झोत सर्वांत जोमदार आहे, आणि अप्परचा झोत नेमका डोळ्याच्या रेषेतून जातो. पन्नास मीटरवरच्या ट्रकवरून येणारा चारशेवा हिस्सा या जवळच्या पांढऱ्या भिंतीतून वेगळा काढायचा, हे काम डोळ्याच्याने होत नाही. म्हणून डिप्पर. त्याचा झोत खाली वळलेला असतो, डोळ्यासमोरची हवा तो बऱ्यापैकी काळोखी ठेवतो.

फॉग लॅम्प हीच युक्ती आणखी पुढे नेतो. त्याची करामत ताकदीत नसून बसवण्याच्या जागेत आणि झोताच्या आकारात आहे. युरोपीय नियमांत मोटारीचा पुढचा फॉग लॅम्प जमिनीपासून २५ सेंटीमीटरच्या खाली नको आणि ८० सेंटीमीटरच्या वर नको. शिवाय डिप्परपेक्षा उंच तर नाहीच. झोत रुंद, चपटा आणि वरून सुरीने कापल्यासारखा. त्याने दूरचं दिसावं अशी अपेक्षाच नाही. रस्त्याची कड आणि मधली पट्टी, पुढचे दहा-वीस मीटर, बस्स. हल्ली बाजारात बंपरवर, टपावर बसवायच्या एलईडीच्या पट्ट्या ‘फॉग लाइट’ म्हणून मिळतात. टपावर लावलेला दिवा चालकाच्या डोळ्यापुढचीच हवा उजळतो. धुक्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

आणि पिवळा रंग? पिवळा प्रकाश धुकं भेदतो, असं प्रत्येक गॅरेजवाला सांगतो. फ्रान्सने तर १९३७ पासून १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच हवेत असा कायदा ठेवला होता. पण आकाश निळं दिसण्यामागचं जे विखुरण आहे, ते प्रकाशाच्या लहरीपेक्षा फार बारीक कणांकडून होतं. धुक्याचा १० मायक्रॉनचा थेंब प्रकाशाच्या लहरीच्या जवळपास अठरा पट मोठा आहे. त्याला निळा काय, पिवळा काय, सगळे सारखेच. धुकं पांढरं दिसतं ते त्यामुळेच. पिवळ्याने डोळ्यांना त्रास कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी जरूर वापरावा, पण धुकं त्याला जास्त वाट करून देत नाही.

इथवर आपण बघण्याबद्दल बोललो. माझ्या मते धुक्यातल्या दिव्याचं मुख्य काम ते नाहीच. मुख्य काम आपण दुसऱ्याला दिसणं हे आहे. ट्रकचा टेललाइट पेटलेला असेल तर त्याच्या प्रकाशाला एकदाच धुकं कापायचं असतं, येण्याजाण्याचा दुहेरी फेरा वाचतो. चारशेव्या हिश्श्याऐवजी विसावा हिस्सा पोचतो. दिवा किती लांबून दिसेल हे काढायचं सूत्र एमील आलार या फ्रेंच अभियंत्याने १८७६ मध्ये दीपगृहांसाठी मांडलं होतं. तेच वापरून पाहू. सकाळची वेळ, बऱ्यापैकी उजेड, दृश्यता ५० मीटर; दिवा डोळ्याला ओळखू येण्याची किमान मर्यादा विमानतळाच्या धावपट्टीसाठी दिवसा धरतात तीच.

टेललाइटची किमान प्रखरता ४ कॅन्डेला. तो दिसेल ४८ मीटरवरून. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे असं म्हटलं आहे. धुक्याने त्यातले शंभराहून जास्त मीटर खाऊन टाकले. मागचा फॉग लॅम्प किमान १५० कॅन्डेलाचा असतो. तो दिसेल ८८ मीटरवरून. जास्तीत जास्त परवानगी ३०० कॅन्डेलाची. तो ९६ मीटरवरून. प्रकाश ७५ पट झाला आणि अंतर दुप्पट. आता तो सव्वाचार लाखांचा अप्पर या गणितात घाला. दिसेल १९४ मीटरवरून. टेललाइटच्या लाखपट प्रकाश ओतला आणि हाती आलं चौपट अंतर! असल्या भावाचा सौदा दुसऱ्या कुठल्या बाजारात पाहिला नाही.

तरीही ४८ आणि ८८ मधला फरक सोन्याच्या मोलाचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दीड सेकंद भानावर येण्यात घालवते आणि मग कोरड्या रस्त्यावर कचकचून ब्रेक लावते, तर थांबेपर्यंत ४५ मीटर जातात. पुढचा टेललाइट ४८ वरून दिसला तर शिल्लक तीन मीटर. मागचा फॉग लॅम्प ८८ वरून दिसला तर शिल्लक ४३. धुकं विरल्यावर हाच दिवा पेटता ठेवला की तो मागच्याच्या डोळ्यांत खुपतो आणि ब्रेकलाइट झाकून टाकतो. ब्रेकलाइटची किमान प्रखरता ६० कॅन्डेला, म्हणजे फॉग लॅम्पच्या निम्मीसुद्धा नाही. म्हणून ब्रिटनचा नियम असा की साधारण शंभर मीटरपलीकडे दिसत नसेल तर हेडलाइट लावायचेच, फॉग लॅम्प हवे तर लावा, पण हवा निवळली की ते बंद करणं सक्तीचं. जर्मनीत मागच्या फॉग लॅम्पला ५० मीटरखालीच परवानगी.

खरा घोटाळा उजाडल्यावर होतो. नव्या गाड्यांना पुढे दिवसा आपोआप पेटणारे दिवे असतात, ४०० ते १,२०० कॅन्डेलाचे. डॅशबोर्डही लखलखत असतो. चालकाची समजूत अशी की आपले दिवे चालू आहेत. पण अनेक गाड्यांत त्या वेळी मागे काहीच पेटलेलं नसतं: पुढे चारशे, मागे शून्य. ‘ऑटो’वर ठेवलेला खटकाही इथे फसतो, कारण त्याचा सेन्सर उजेड मोजतो, दृश्यता नाही. सकाळी नऊचं धुकं चांगलं पांढरंशुभ्र, उजेडाने भरलेलं असतं. सेन्सरच्या मते सगळं ठीक चाललंय. खटका हाताने फिरवून डिप्परवर आणला की टेललाइट आपसूक लागतात. त्याला एक सेकंद पुरतो.

आपल्याकडे धुकं म्हटलं की खंडाळा आणि आंबोली आठवते. पावसाळ्यात तिथे असतो तो खरं तर रस्त्यावर टेकलेला ढग, पण थेंबांचं गणित तेच. तिथली आवडती सवय म्हणजे चारही इंडिकेटर चमकवत चालणं, ज्याला सगळे ‘पार्किंग लाइट’ म्हणतात. मागच्याला कळत नाही की गाडी उभी आहे की चालते आहे, आणि तुम्ही डावीकडे वळताय हे सांगायला इंडिकेटर शिल्लक उरत नाही. दुसरं संकट पश्चिम महाराष्ट्रातल्या गळीत हंगामातलं. पहाटेची वेळ, नदीकाठचं धुकं आणि दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. मागे दिवा असलाच तर लोंबणाऱ्या उसाआड. एरवी भरवसा लाल रिफ्लेक्टरवर. रिफ्लेक्टर स्वच्छ हवेत उत्तम काम देतो, पण तो तुमच्याच प्रकाशावर जगतो. धुक्यात त्याच्याही वाट्याला येण्याजाण्याचा दुहेरी फेरा, म्हणजे पन्नास मीटरवर पुन्हा तोच चारशेवा हिस्सा. ट्रॉलीला दहा रिफ्लेक्टर लावण्यापेक्षा चार कॅन्डेलाचा एक पेटता बल्ब या हवेत जास्त उपयोगी.

दिवे इतकं करतात. पुढचं काम वेगाचं. ताशी १०० ला थांबायला लागतात ९७ मीटर, ८० ला ६९, ४० ला २५. तेवढं अंतर हाताशी नसलं की काय होतं ते पाहा. अमेरिकेत टेनेसीमधल्या कॅल्हूनजवळ ११ डिसेंबर १९९० च्या सकाळी हायवासी नदीकाठी इंटरस्टेट ७५ वर धुकं उतरलं. धुक्यात शिरताना एका ट्रकने वेग कमी केला, मागचा त्याच्यावर आदळला, आणि मग दोन्ही दिशांच्या लेनमध्ये मिळून ९९ वाहनं. १२ ठार, ४२ जखमी. पुढे तिथे दृश्यता मोजणारी यंत्रं आणि वेगमर्यादा बदलून दाखवणारे फलक बसवले. फारच दाटलं तर महामार्गच बंद करतात. इंग्लंडमधल्या शेपी पुलावर ५ सप्टेंबर २०१३ ला सव्वाशेहून जास्त गाड्या अशाच एकमेकींत घुसल्या. नशीब, कुणी दगावलं नाही. काही जण दिवे न लावताच चालवत होते, असं तिथून वाचलेल्यांनी सांगितलं. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली १४ हजारांहून जास्त धुक्याच्या हवामानात. धुकं काही बारा महिने नसतं, हे लक्षात घेऊन हा आकडा वाचावा.

धुक्यात माणसं वेग कमी का करत नाहीत, यावर शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. रॉबर्ट स्नोडेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की धूसर दृश्यात आपला वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो, म्हणून पाय जोरात पडतो. २०१२ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या पाओलो प्रेट्टो यांच्या गटाने सांगितलं की खरं धुकं जवळचं कमी आणि लांबचं जास्त पुसतं, आणि तशा दृश्यात उलट वेग जास्तच वाटतो. दोघांचं काय ठरायचं ते ठरो. स्पीडोमीटरला धुक्याने काही फरक पडत नाही.

जर्मनांनी यावर एक सोपा तोडगा ठेवला आहे. तिथल्या रस्त्यांच्या कडेला दर ५० मीटरवर एक पांढरा खांब असतो. एका खांबाशी असताना पुढचा दिसत नसेल तर मागचा फॉग लॅम्प लावता येतो आणि वेगाची कमाल मर्यादा ताशी ५०. त्या वेगाला कोरड्या रस्त्यावर थांबायला ३५ मीटर लागतात, म्हणजे खांबाच्या अलीकडे १५ मीटर उरतात. धुक्याने रस्ता ओला झालेला असतो. ओल्या डांबरावर उरतात १०.